मुलींच्या पळण्याला हातभार : अनुभव धागा (नागपूर)

दिवाळी झाली, सकाळी स्वेटर निघाले, की आपल्याकडच्या मैदानांवर दोनच प्रकारची माणसं दिसतात. चालायला आलेले आजोबा आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंमुली. आठ ते तेरा वर्षांच्या मुली यात कुठेच नसतात. त्या घरी असतात, नाहीतर शिकवणीला. त्यांच्यासाठी आम्ही काहीजणी रेशीमबाग मैदानावर पळण्याचा वर्ग चालवतो. आठवड्यातून दोन सकाळी, ऊन चढायला लागेपर्यंतचे महिने. आधी गोल करून बसायचं आणि बोलायचं (‘मला कोण काय म्हणालं, मी काय म्हणाले, काय म्हणायला हवं होतं’), मग पळायचं. हंगामाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून पाच किलोमीटर. क्रमांक नाही. पदक सगळ्यांना.

शिकवणाऱ्यांबद्दल पुष्कळ बोललं जातं, म्हणून या वेळी बाकीच्यांना लिहायला बोलावते आहे. कुणी पैसे दिले, कुणी गाडी, कुणी लाडू, कुणी नुसतं कोपऱ्यावर उभं राहून लक्ष ठेवलं. काय जमलं, काय जमलं नाही, ते लिहा. कौतुक आवरा. मुलींची नावं लिहू नका, स्वतःचीही नकोत.

सोबतीण, मानेवाडा

मी शाळा सुटल्यानंतर कधी पळालेच नव्हते. बस पकडायलाही नाही, तीही सोडून द्यायची. वर्गाला ‘सोबतीणी’ हव्या होत्या, म्हणजे एका मुलीमागे एक मोठी बाई, तिच्याच वेगाने पळणारी. मला वाटलं होतं मी हिला धीर देईन. झालं उलटंच. माझी जोडीदारीण अकरा वर्षांची, मी धापा टाकतेय आणि ती गोष्टी सांगतेय. ताईंनी नियम घालून दिला होता : बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं, बोलणं तुटायला लागलं की चालायचं. हा नियम शरीरासाठी आहे असं मी समजत होते. पण बाजूबाजूने पळताना एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे मुली जे बोलतात ते समोरासमोर बसवून विचारलं तर सात जन्मात बोलणार नाहीत. वर्गातली मुलं तिच्या रंगावरून चिडवतात, हे तिच्या आईला ठाऊक नव्हतं. मी तिला काही शिकवलं नाही. ‘मग तू काय म्हणालीस?’ एवढंच विचारत राहिले. पुढच्या खेपेला तिच्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं खणखणीत. इथे लिहिण्याजोगं नाही!

नव्या सोबतीणींना एकच सांगणं. शांतता पडली तर पडू द्या. ती भरायला जाऊ नका.

माजी प्रशिक्षक, विद्यापीठाचा संघ

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे. तुमच्या पाच किलोमीटरला पाणी द्यायला मी रांगेत उभा होतो आणि मला ते सगळं आवडलं, फक्त घड्याळ लपवणं सोडून. 1984 ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषा 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथ्या आल्या. तो शंभरावा भाग कुणी लपवला का? आपल्या नाशिकच्या कविता राऊतनी 2010 ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. दहावा क्रमांकही सांगावासा वाटतो की नाही? मुलींना आकडे झेपत नाहीत असं धरून चालणं हाही एक प्रकारचा लाडच. ज्या मुलीला जिंकायचंय तिला तुमच्या वर्गात कोंडल्यासारखं होत असेल.

धागाकर्ती

सर, होतं. एक नऊ वर्षांची दर खेपेला वेळ विचारते. आता जिला हवी तिला तिची वेळ सांगतो, एकटीला, शेजारणीची नाही. ‘कितवी आलीस?’ हा प्रश्न मात्र मैदानावर बंदच ठेवलाय, आणि तो मुलींपेक्षा आयांसाठी आहे.

व्हॅनवाले काका

मी शाळेची व्हॅन चालवतो. ताईनं म्हटलं लिहा काका, म्हणून पोराकडून टाईप करून घेऊन राहिलो. माझं काम सोपं. मैदानाच्या बाहेर रस्त्यावर पोट्ट्या पळतात त्या दिवशी मी हळूहळू मागून गाडी घेऊन येतो. कुत्र्याचं असं आहे का पळणारं दिसलं का ते मागं लागतेच. पोट्ट्यायले सांगून ठेवलं, पळू नका, उभ्या राहा, मी हॉर्न देतो.

दुसरे कुत्रे दोन पायाचे. मोटारसायकलवर दोन पोट्टे शिट्ट्या मारत चालले होते. मी व्हॅन आडवी लावली. बोललो काहीच नाही बाप्पा, नुसती लावली. काही दिवसांनी तेच पोट्टे परत. मी दार उघडून उतरायच्या आत सगळ्यात बुटकी पोट्टी थांबली, गाडीचा नंबर मोठ्यानं वाचला, न् मागच्या साऱ्या पोट्ट्यायनं शाळेत पाढे म्हणतात तसा तो म्हटला. गेले ते. मी पुन्हा बसलो गाडीत. काय करतो मग? डिझेलचे पैसे द्या म्हणतात, मी अर्धे घेतो.

डॉक्टर, धंतोली

मुलगी पहिल्याच फेरीत बसकण मारते तेव्हा भोवतालचे ‘हिंमत कर’ म्हणतात. पुष्कळदा प्रश्न हिमतीचा नसतो, हिमोग्लोबिनचा असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. तुमच्या मुली वयाने लहान, पण त्याच वाटेवरच्या. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी मी वर्गाची तपासणी करते, फी घेत नाही, आणि माझी मदत एवढीच आहे.

शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. तिचं काय होतं ते विचारा. दप्तरात सापडतात, कंपासपेटीत सापडतात. रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून टाळतात, तर जेवणानंतर घ्या, फक्त चहा लांब ठेवा, तो लोह शोषू देत नाही. सोबत आंबट फळ असलं तर उत्तम. नागपुरात राहून संत्र्याची शिफारस करायला मला आणखी कारण नको.

पाळी आलेल्या दिवशी पळू द्यायचं का, हा प्रश्न आया मला विचारतात. मुलीला विचारा. बरं वाटत असेल तर पळेल, नसेल तर फेऱ्या मोजेल. मैदानावर एका पिशवीत पॅड आणि गडद रंगाची एखादी जास्तीची पँट असू द्या, आणि पिशवी कुठे आहे हे न विचारता सगळ्यांना माहीत असू द्या.

मूळचा महालचा, सध्या अमेरिकेत

हा प्रकार मी इथे जवळून पाहिलाय, कारण धाकटीच्या शाळेत तो चालतो. ‘गर्ल्स ऑन द रन’ हे नाव. 1996 साली नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटमध्ये मॉली बार्कर यांनी तेरा मुली घेऊन सुरू केलेला. तिसरी ते आठवीच्या मुली, आणि शेवटी पाच किलोमीटर, तेही असंच बिनक्रमांकाचं. मी लेकीचा ‘रनिंग बडी’ होतो, म्हणजे तुमचा सोबतीण-पुरुष. तिने मला मागे टाकलं आणि वळूनही पाहिलं नाही.

नागपूरच्या वर्गाला काय पाठवू विचारलं, तर मनात बूट होते. ताईंनी हात जोडले. लांबून पाठवलेल्या बुटांचं माप कधी बसत नाही, आणि या वयात पाय वर्षभरात पुढचं माप मागतात. त्याऐवजी इतवारीतूनच घ्यायला पैसे द्या म्हणाल्या, आणि मोठ्या झालेल्या मुलींचे बूट धुऊन पुढच्यांना देण्याची कपाट-पद्धत त्यांनी लावली आहे. बाकीची रक्कम नाश्ता आणि ऑटोभाड्यात जाते. ऑटोभाड्याच्या पावतीसोबत फोटो काढता येत नाही, म्हणून देणगीदार ते देत नाहीत. मी देतो.

आजी, सक्करदरा (नात लिहिते आहे)

मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू करते. पळायच्या आधी नाही, नंतर. आधी खाल्लं का पोटात कळ येते. एका पोरीची आई म्हणे, जाडी होईल. मी म्हटलं, तू घेऊन जा तुझा लाडू, पोरीचा ठेव.

शिक्षिका

माझी अडचण मैदानावरची नाही, घराघरातली. खेळाचा तास गणिताला दिला जातो आणि कुणी तक्रार करत नाही. वर्गासाठी परवानगी मागायला घरी गेले, की वडील हो म्हणतात आणि आजोबा नाही. ‘मुलींच्या जातीला एवढं पळणं बरं नाही’, हे वाक्य मी इतक्या ओसऱ्यांवर ऐकलंय की आता उत्तर पाठ झालंय. 1928 ला ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा 800 मीटर धावल्या. शेवटी काहीजणी दमून जमिनीवर बसल्या, तर वर्तमानपत्रांनी काहूर माजवलं आणि ती शर्यतच काढून टाकली. 1960 पर्यंत परत आली नाही. पुरुषही दमून पडायचे, त्यांच्या शर्यती कुणी काढल्या नाहीत. बायकांची मॅरेथॉन तर ऑलिम्पिकमध्ये यायला 1984 उजाडलं. हे सांगितलं की आजोबांना पटतं असं नाही. पण नात दाराआडून ऐकत असते, तिच्यासाठीच सांगते. एका आजोबांना मी मैदानावर फेऱ्या मोजायला बसवलंय. त्यांना काम हवं होतं.

वर्गाची जुनी विद्यार्थिनी, आता मदतनीस

मी पहिल्या हंगामातली. आता भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटरला 20 गुण असतात, त्यामुळे मला घड्याळाशिवाय चालत नाही, सर बरोबर आहेत. पण पहिल्या हंगामात घड्याळ असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलेच नसते, हेही खरं आहे. मी सगळ्यात मागे असायचे. आता मुद्दाम सगळ्यात मागच्या मुलीसोबत पळते, ती मला चिडून म्हणते, ‘ताई, तू पुढे जा ना, मी येते.’ मग मी जाते.

कामठीहून विचारणा

आमच्याकडे मैदान आहे, पंधराएक मुली आहेत, शिकवणारी कुणी नाही. मार्चमध्ये सुरू केलं तर?

धागाकर्ती

मार्चमध्ये नको, ऊन ऐकणार नाही. तोवर दोन कामं करा. आयांची एक बैठक घ्या आणि त्यांच्यातूनच सोबतीणी निवडा, पळता येत नसलं तरी चालेल. आणि मैदानावर मुलींना वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का ते बघा, नसेल तर शेजारच्या एखाद्या घराशी बोलून ठेवा. आमचा पहिला हंगाम त्यावरच अडला होता. दिवाळीनंतर फोन करा, आमच्यापैकी दोघी येऊ.