टॅमसुलोसिन चालू असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया

प्रश्न (नाशिकरोड): वडील प्रोस्टेटसाठी रोज रात्री जेवणानंतर टॅमसुलोसिनची कॅप्सूल घेतात. तपासणीच्या वेळी थेंब घालूनही त्यांची बाहुली पुरेशी मोठी झाली नाही, तर शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध बंद करावे का?

उत्तर (पंचवटी): स्वतःहून मुळीच बंद करू नये. मूत्रमार्गाप्रमाणेच बाहुली रुंदावणारा स्नायूही या औषधाने सैल पडतो, त्यामुळे ऐन शस्त्रक्रियेत बुबुळ ढिले होऊन हलू लागते आणि बाहुली आकसते. २००५ मध्ये प्रथम वर्णिलेला हा परिणाम औषध थांबवल्यावरही राहू शकतो, शिवाय लघवी तुंबण्याची भीती वेगळीच.

उत्तर (सिडको): नेत्रतज्ज्ञांना मात्र आवर्जून सांगावे, औषध पूर्वीच सोडले असले तरीही. आधी कल्पना असली, म्हणजे बाहुली ताणून धरणारे बारीक हुक किंवा रिंग ते तयार ठेवतात.