‘आळशी आई’ असं कुणाकुणाला ऐकून घ्यावं लागलंय? अनुभव लिहा

मांजराकाठ
काल रात्री पोरगी झोपल्यावर मोबाइल बघत पडले होते, तर एक रील पुढं आलं. मुंबईतला उंचावरचा फ्लॅट, मागं पांढरे पडदे. ताई सांगायल्या की डायपर म्हणजे आईचा आळस, सुती लंगोटच वापरा. आधी गार पाण्यात भिजवा, मग गरम पाण्यात धुवा, मग दोनदा खळबळून काढा. बोलणं गोड, सांगितलं त्यात चूकही काही नाही. पण मला रात्री एकपर्यंत झोप लागली नाही.

माझी पोरगी २०१६ च्या फेब्रुवारीतली, लातूरची. ते वर्ष ज्यांनी लातुरात काढलं त्यांना जास्त सांगायला नको. मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. घरात बाळंतीण असो की लगीन, घरटी दोन बॅरल. सासूबाई एका तांब्यात तीन लंगोट काढायच्या. साबण लावायच्या नाहीत, कारण साबण काढायला आणखी पाणी लागतं. तेच पाणी मग संडासात ओतायचं. उन्हात वाळून लंगोट पापडासारखे कडक व्हायचे आणि पोरीच्या मांड्या लालभडक. शेवटी नवरा मेडिकलमधून सुटे डायपर आणायला लागला, एक-एक करून, रात्रीपुरते.

त्यावर पलीकडच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आजकालच्या पोरींना हात घाण करायला नको.” त्यांच्या बोअरला पाणी होतं.

कालच्या रीलखाली एकीनं विचारलं होतं, ताई आमच्याकडं आठवड्यातून एकदा नळ येतो, काय करू? तिला खाली लोकांचं उत्तर काय, तर ऐपत नव्हती तर लेकरू कशाला काढलं. नऊ वर्षं पोटात ठेवलेलं एकदम वर आलं. तुमचंही लिहा.

गोदेची_लेक
अगं माय. वाचून घशात आवंढा आला. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

परभणीकर७२
आमच्याकडं त्या साली वहिनी बाळंतपणाला माहेरी न जाता सासरीच राहिली, कारण माहेरी पाणी नव्हतं. एवढंच आठवतंय. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात, पण त्या उन्हाळ्यात परभणीतसुद्धा घागर घेऊन फिरलोय.

पोळा_ते_पाडवा
मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. ऐपत नव्हती तर लेकरू कशाला, हे वाक्य मी पण वाचलंय, म्हणून लिहायलीय.

आमच्या गावची एक पोरगी, विशीतली. दोघं नवरा-बायको ऊस तोडायला, कोयत्यावर जातात. तिनं मागच्या हंगामात फडातून एक व्हिडिओ टाकला. दोन उभ्या बांबूंना जुन्या लुगड्याची झोळी, त्यात दहा महिन्यांचं लेकरू झोपलेलं, आणि ही मोळी बांधता बांधता येता-जाता पायानं झोका द्यायली. मला तर ते बघून तिचं कौतुक वाटलं. खाली लोकांनी काय लिहावं? निर्दयी, ऐपत नव्हती तर लेकरू कशाला, लेकराच्या जिवावर पैसे कमावती, पोलिसात द्या हिला. त्या व्हिडिओचे तिला शंभर रुपये पण मिळाले नसतील.

त्याच आठवड्यात दुसरा व्हिडिओ बघितला. पुण्याकडची बाई, चार हजारांच्या झोळीत लेकरू पोटाशी बांधून ऑफिसच्या मीटिंगला बसलेली. खाली सगळे हात जोडलेले आणि बदाम. दोघी तेच करायल्यात ना? काम पण सोडता येईना आणि लेकरू पण. कुणाच्या मागं भिंत दिसती आणि कुणाच्या मागं ऊस, एवढाच फरक.

आणि घरी ठेवून जा म्हणणाऱ्यांना सांगते, मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. अंगावर पिणारं लेकरू कुणाकडं ठेवणार? लेकरं एप्रिलात परत येतात तेव्हा मी दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावते, जाताना हिरव्यात म्हणजे ठीक असलेलं लेकरू पिवळ्यात, म्हणजे खंगून आलेलं असतं. त्याला ती आई जबाबदार नाही.

मांजराकाठ
ताई, हे वाचून बसूनच राहिले. ती पोरगी आता कशी आहे?

नोकरदार_नांदेड
मी बँकेत. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या बदलामुळं मला २६ आठवडे पगारी रजा मिळाली, तरी परत जाताना रडले. आमच्याकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींची सून बाराव्या दिवशी कामावर. तिला सरकारच्या मातृवंदना योजनेचे पहिल्या लेकरावर ५ हजार, तेही हप्त्यांत. त्यावर किती दिवस घरी बसणार? आणि मी तिलाच एकदा बोलले होते, सहा महिने नुसतं अंगावरचंच पाज म्हणून. वाक्य बरोबर होतं, डॉक्टरही तेच सांगतात. पण ती सकाळी सात ते दुपारी दोन पाच घरं करायची. कधी पाजणार होती? तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. आता तिची वेळ मी बदलून दिलीय, दहा वाजता ती घरी जाऊन येते.

गोदेची_लेक
आले परत. माझा अनुभव जरा उलटा आहे, रागावू नका.

मी या रीलवाल्या बायांची ऋणी आहे. बाळंतपणानंतर दोन महिने मला लेकराकडं बघावंसं वाटत नव्हतं. घरात सगळे म्हणायचे नाटकं करायली, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. रात्री पाजताना एका बाईचा व्हिडिओ बघितला, ती हुबेहूब माझंच सांगत होती आणि म्हणाली हा आजार आहे, डॉक्टरला दाखवा. नवऱ्याला तो व्हिडिओ दाखवला तेव्हा तो मला घेऊन गेला. ती बाई श्रीमंतच होती. तिच्या पाठीमागचा पाळणाच आमच्या फ्रिजपेक्षा महाग असंल. पण तिनं सांगितलं नसतं तर मी आज कुठं असते माहीत नाही.

मधाचंही तिच्याकडूनच कळलं, एक वर्षाच्या आत द्यायचा नाही. आत्याबाई चाटण घेऊन उभ्याच होत्या.

बाप_माणूस_जालना
माझ्या बायकोचं छोटं चॅनल आहे, लेकराचं खाणं-पिणं दाखवती. मी एकदा पोराला न्हाऊ घालतानाचा व्हिडिओ टाकला तर “असा बाप सगळ्यांना मिळो”. ती रोज घालती, तिला “तोंडाला पावडर लावायला वेळ बरा मिळतो”. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय. तिला वाईट वाटू नये म्हणून सकाळी उठून आधी मी खोडून टाकतो.

गोदेची_लेक
दादा, हे एवढं करता ना, हेच लई आहे.

सिस्टर_अंबाजोगाई
लहान मुलांच्या वॉर्डात १४ वर्षं झाली. फक्त एक सांगते, ड्यूटीवर आहे.

दोन वर्षांखालच्या लेकरांसाठीची दुधाची पावडर, डब्यातलं तयार अन्न, दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात आपल्या देशात करता येत नाही. १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक झाला. आणि पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन कशाची तारीफ केली तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट सांगायला लागतं, २०२३ च्या जानेवारीत केंद्राच्या ग्राहक खात्यानं ते लिहून दिलंय. गोड बोलणाऱ्या ताईच्या हातात डबा दिसला की हे आठवा. आमच्याकडं अशी माय येती जी पाचशेचा डबा महिनाभर पुरवायला पावडर पातळ करून पाजती. लेकरू सुकून जातं. त्या मायला वाटतं आपण मोठ्या घरच्यासारखं चांगलं द्यायलोय. मला राग त्या मायचा येत नाही.

तुरीची_डाळ
सिस्टर बरोबर. पण मग बाहेरचं काही न देता सहा महिन्यांनंतर काय द्यायचं ते पण सांगा ना, माझं लेकरू सातव्या महिन्यात आहे, रोज नवीन रील नवीन पदार्थ. ॲव्होकॅडो आमच्या तालुक्याला मिळत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई
ज्वारीचं पीठ थोडं भाजून घ्या, पाण्यात कालवून मऊ शिजवा, वरून चमचाभर तूप. मूग डाळ-भात घोटून. केळं कुस्करून. पातळ पाणी नको, चमच्यावरून हळूहळू सरकंल एवढं घट्ट. वरणाच्या वरच्या पाण्यात काही नसतं, खालची डाळ द्या.

तुरीची_डाळ
ज्वारी हायब्रीड चालंल का? घरची मालदांडी संपली.

परभणीकर७२
मालदांडी पाहिजे तर सांगा, आमच्याकडं दोन पोती आहे.

शाळेची_घंटा
मी तिसरीला शिकवते. वर्गात एक पोरगा, त्याच्या आईचे व्हिडिओ तालुक्यात सगळे बघतात. तो दोन वर्षांचा असताना चड्डीत शी केल्याचा व्हिडिओ पोरांनी शोधून काढला. आठ दिवस तो मधल्या सुट्टीत बाकावरून उठला नाही. आईला बोलावलं तर ती रडली, म्हणाली बाई तेव्हा सगळेच टाकायचे. तिला मी काय बोलणार? दोघींनी बसून ते सगळे व्हिडिओ काढले, संध्याकाळी साडेसहापर्यंत. घर गरिबाचं असो की श्रीमंताचं, त्या लेकराला कुणी विचारलं नव्हतं.

नोकरदार_नांदेड
बाई, हे मी नवऱ्याला वाचून दाखवलं. आमचे पण आहेत तसले दोन-तीन. आजच काढते.

पोळा_ते_पाडवा
मांजराकाठ, तुम्ही त्या पोरीचं विचारलं होतं. आत्ताच तिच्या घरून आले. लेकरू आता दीड वर्षाचं, परवा साडेनऊ किलो भरलं. चालतंय तुरुतुरु. गाडी मंगळवारी निघणार, कर्नाटकात जाणार म्हणे यंदा. तिच्यासोबत पोषण आहाराची पाकिटं आणि तिकडच्या अंगणवाडीत दाखवायला कार्ड दिलंय. मोबाइलमधलं तिचं ते खातं तिनं बंद केलंय, नवरा बंद कर म्हणाला.

मांजराकाठ
ताई, ती निघायच्या आधी तिला एवढं सांगा, लातूरची एक बाई तिचा झोळीचा व्हिडिओ बघायला शोधायली होती. आणि दुपटी-झबली आहेत माझ्याकडं, पोरीची, चांगली जपून ठेवलेली. दीड वर्षाच्या लेकराला येतील असे दोन स्वेटर पण आहेत. सोमवारपर्यंत तुमच्या गावाला एसटीनं पोचतील का?

पोळा_ते_पाडवा
पोचतील. सकाळच्या गाडीत कंडक्टरकडं द्या, मी फाट्यावर येऊन थांबते.