अनुभव धागा : बर्फाचा दिवस – फावडं, मीठ आणि विरजण

लेकव्ह्यूची खिडकी
सकाळपासून बाहेर तो ओळखीचा सन्नाटा आहे. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज गिळतो, रस्ता चालू आहे की बंद तेही कळत नाही. मग एकदम लांबून प्लाऊच्या, म्हणजे बर्फ सारणाऱ्या गाडीच्या, पात्याची खर्रर्र. ती ऐकली की शिकागोतल्या जुन्या मंडळींना २०११ चा फेब्रुवारी आठवतोच. २१.२ इंच बर्फ आणि लेक शोअर ड्राइव्हवर रात्रभर अडकलेल्या शेकडो गाड्या.
म्हणून हा धागा. नव्याने आलेल्यांना उपयोगी पडेल असं लिहा. फोटो नकोत, ते सगळीकडे आहेत. काय, किती, केव्हा आणि काय चुकतं, एवढंच.
सुरुवात शिकागोतल्या पार्किंगपासून. १ डिसेंबर ते १ एप्रिल, पहाटे ३ ते ७, सुमारे १०७ मैल मुख्य रस्त्यांवर गाडी लावायला बंदी. बर्फ असो नसो. आभाळ निरभ्र असलं तरी गाडी उचलून नेतात, नवे लोक इथेच फसतात. दुसरी बंदी निराळी : २ इंच बर्फ झाला की आणखी ५०० मैलांवर लागू होऊ शकते. पाट्या वेगळ्या आहेत, दोन्ही वाचा. घरासमोरचा फुटपाथ ५ फूट रुंद मोकळा हवा. दिवसा ७ ते ७ मध्ये पडलेला बर्फ रात्री १० च्या आत, रात्री पडलेला सकाळी १० च्या आत.

खुर्ची राखीव
डिब्ज राहिलं की ताई! तासभर खपून उकरलेल्या जागेत मोडकी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, मुलांची घसरगुंडी, काहीही ठेवून जागा अडवायची. कायद्यात बसत नाही, पालिका नंतर गोळा करून नेते, पण गल्लीचा कायदा वेगळा. नवीन माणसाने दुसऱ्याची खुर्ची हलवू नये, इतकंच सांगतो. बॉस्टनमध्ये निदान मुदत ठरलेली आहे, स्नो इमर्जन्सी (पालिकेने जाहीर केलेली बर्फाची आणीबाणी) उठल्यावर ४८ तास. तिथेही साउथ एंड भागात हे चालत नाही.

पुणे ३०
इथे आज १२ अंश. कानटोपी, मफलर, स्वेटर सगळं चढवलंय. तुमचं चालू द्या.

खुर्ची राखीव
पुणे ३०, रस्त्यावर जागा अडवायला खुर्ची ठेवायची पद्धत मूळची कुठली ते आम्हाला विचारू नका :)

फावडेकर
पहिलं गणित. शिकागोचा नेहमीचा प्लॉट २५ फूट रुंद. म्हणजे फुटपाथ २५ बाय ५. सहा इंच बर्फ = साधारण ६२ घनफूट. कोरडा, पिठासारखा असेल तर पावणेदोनशे किलोच्या आसपास. ओला, लाडू वळता येईल असा असेल तर तेवढाच ढीग पाचशे किलोच्या वर. म्हणून खिडकीतून उंची बघून ठरवू नका, तापमान बघा. शून्याच्या जवळपास पडणारा बर्फ जड, उणे दहाचा हलका.
सहा इंच साठेपर्यंत थांबायचं नाही. दर दोन-तीन इंचांनी एक हात फिरवायचा. तुडवला गेलेला बर्फ फरशीला चिकटतो, मग फावडं चालत नाही, पहार लागते. खरा घोटाळा इथेच होतो, सकाळी सगळे बुटांनी दाबून ऑफिसला जातात आणि संध्याकाळी खरवडत बसतात.
उचलायचा नाही, ढकलायचा. उचलावाच लागला तर अर्धं फावडं भरा, गुडघे वाकवा आणि कंबर पिळून बाजूला फेकू नका, पायांसकट वळा. भरपेट जेवून लगेच नको. थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात हातांनी जोर लावायचं काम, रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, मधुमेह असलेल्यांनी आणि पन्नाशीपुढच्या बैठ्या मंडळींनी सरळ गल्लीतल्या पोराला पैसे द्या. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखायला लागलं तर ‘एवढं संपवून जातो’ हे वाक्य मनातसुद्धा नको.
फावड्याला बर्फ चिकटत असेल तर स्वयंपाकाच्या तेलाचा स्प्रे किंवा मेण.

सासूबाईंची सून
खोबरेल चालेल का? घरात पाच लिटर आहे

फावडेकर
२४ अंशांखाली गोठतं ते. फावड्यावर साबणाची वडी होईल.

नेपरव्हिल मामा
ड्राइव्हवे असलेल्यांसाठी. सगळं साफ करून आत यावं आणि प्लाऊने येऊन तोंडाशी गुडघाभर बांध घालावा, हे टाळता येतं. रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. आपल्या बाजूची वाहतूक तुमच्या डावीकडून उजवीकडे जाते, प्लाऊही तसाच येतो. म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या अंगाला, रस्त्याच्या कडेने, आठ-दहा फूट लांब खिसा उकरून मोकळा ठेवा. पात्यावरचा बर्फ त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी थोडाच येतो. स्वतःचा ढीग नेहमी उजवीकडे घाला. डावीकडे घातलात तर प्लाऊ तोच ढीग परत आणून देईल.

मीठमसाला
मिठाबद्दल लोक फार उदार असतात. कॉफीचा एक मोठा मग फुटपाथच्या दहा फरशांना पुरतो. दाणे एकमेकांपासून सुटे दिसले पाहिजेत, रांगोळी घालायची नाहीये.
साधं खडामीठ उणे ९ सेल्सियसच्या खाली जवळजवळ निकामी. त्या दिवशी कितीही ओता, नुसतं पांढरं दिसतं. कॅल्शियम क्लोराइड उणे २५ च्या आसपासही चालतं, महाग आहे, हातमोजे घालून टाका. त्याहून थंड असेल तर वाळू. वितळत काही नाही, पकड मिळते. पडायच्या आधी थोडं मीठ टाकलं तर बर्फ फरशीला धरत नाही, नंतरचं निम्मं काम वाचतं.
नवीन काँक्रीटवर पहिला हिवाळा मीठ नको, पापुद्रे सुटतात. कुत्र्यांचे पंजे बाहेरून आल्यावर कोमट पाण्याने धुवा. शिकागो पालिका मिठाच्या पाण्यात बीटाचा रस मिसळते, चिकटून राहावं म्हणून.

सासूबाईंची सून
बीटाचा रस?? आमच्याकडे पोरं कोशिंबिरीतलं खात नाहीत आणि रस्ते पितात.
बरं विषय निघालाच आहे तर, विरजण लागत नाहीये. काय करावं?

कढीगोळे
दूध ४३-४५ अंशांवर आणून विरजण घाला, करंगळी पाच-सहा सेकंद सुखाने टिकली पाहिजे. भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. पण दिवा जुन्या पद्धतीचा, तापणारा हवा. नव्या ओव्हनला एलईडी असतो, तो उजेड देतो, ऊब नाही. अर्ध्या लोकांचं दही इथे अडतं. मग इन्स्टंट पॉटचं (विजेच्या कुकरचं) योगर्ट बटण, ८ तास.
इडलीचं पीठ याच पद्धतीने, १२ ते १४ तास धरा. चमचाभर मेथ्या तांदळाबरोबर भिजवा, भांड्याखाली ताट ठेवा. आणि ओव्हनच्या बटणावर ‘आत पीठ आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर घरातलं कोणीतरी पिझ्झासाठी ४२५ फॅरनहाइटला लावतं.

सासूबाईंची सून
चिठ्ठी!!! 😂 धन्यवाद, एलईडीच आहे.

मॉन्ट्रियलची मावशी
आमच्याकडे बर्फ बाजूला सारत नाहीत, उचलून नेतात. साधारण १० ते १५ सेंमी झाला की. आधी मीठ-खडी, मग फुटपाथवरची छोटी यंत्रं बर्फ रस्त्याच्या कडेला आणतात, मग भलामोठा ब्लोअर तो सरळ शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये फेकतो. ट्रक जातात फ्रँकॉनच्या जुन्या दगडखाणीत किंवा गटारांच्या खास तोंडांकडे.
नारिंगी पाटी दिसली की त्यावरचे तास पाळा. टो ट्रक आधी भोंगा वाजवत फिरतो, ती शेवटची संधी. गाडी जागेवर नसेल तर लगेच चोरीची तक्रार नको, बहुतेक वेळा पुढच्यामागच्या गल्लीत नेऊन ठेवलेली असते. इन्फो-नेज अ‍ॅपवर आपल्या रस्त्याची वेळ कळते.
क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. तीन शिखरं आणि हिमकणाचं चित्र असलेले.

स्कारबरो
टोरंटोने १९९९ ला बर्फासाठी सैन्य बोलावलं होतं, मॉन्ट्रियलवाले अजून हसतात.

मॉन्ट्रियलची मावशी
हसतो :)

गॅरेजवाला
टायरचं कारण सांगतो. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होतं, म्हणजे बर्फ नसलेल्या कोरड्या रस्त्यावरही ब्रेक लांबतो. ऑल-सीझन मधलं काहीतरी. हवा दर ५-६ अंशांच्या घसरणीला सुमारे १ पीएसआय कमी होते, डॅशबोर्डवर टायरचा दिवा लागला म्हणजे पंक्चरच असं नाही. गार टायरला भरून घ्या.
बॅटरी : उणे १८ ला तिची ताकद साधारण निम्मी उरते आणि घट्ट तेलामुळे इंजिनाला जोर जास्त लागतो. चार-पाच वर्षांची झाली असेल तर नोव्हेंबरमध्येच तपासा. विनिपेगकडे गाडीच्या तोंडातून वायर लोंबते ती ब्लॉक हीटरची, इंजिन गरम करायच्या. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या दोन ते चार तास आधी पुरे, टायमर लावा. विजेवरची गाडी असेल तर चार्जरला जोडलेली असतानाच आतून गरम करून घ्या, नाहीतर तेवढी रेंज जाते.
काचेवर गरम पाणी ओतू नये. कधीच. तडा जातो, आणि नाही गेला तर ते पाणी दरवाजाच्या रबरात जाऊन गोठतं. बर्फाआधी वायपर उभे करून ठेवा. वॉशरमध्ये उणे २९ लिहिलेलं निळं द्रव घाला, नुसतं पाणी घातलंत तर टाकी फुटते. टपावरचा बर्फ झाडायचा कंटाळा करू नका, पहिल्या ब्रेकला तो अख्खा समोरच्या काचेवर येतो.
गाडी सुरू करण्याआधी मागे जाऊन धुराची नळी मोकळी करा. ती बर्फात गाडलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. मुलांना ‘उबेत बसा’ म्हणून गाडीत बसवायचं आणि बाहेर आपण उकरायचं, हे तर नकोच.

लेकव्ह्यूची खिडकी
शेवटचं सगळ्यांनी दोनदा वाचा. घरालाही हेच लागू. नव्या फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन नळ्या बाजूच्या भिंतीतून निघतात, वाऱ्याने साचलेल्या ढिगाने त्या बुजल्या की फर्नेस बंद पडतं. मेकॅनिकला फोन करण्याआधी बाहेर जाऊन बघा. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

झेलमकाठ
श्रीनगरहून (मूळ सातारा). इथे २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, सगळ्यात कडक थंडीचा काळ. कांगडी म्हणजे वेताच्या विणीतलं मातीचं भांडं, आत कोळशाचे निखारे, फेरनच्या (लांब सैल अंगरख्याच्या) आत धरतात. गावाकडच्या शेगडीसारखीच समज : बंद खोलीत रात्रभर निखारे नकोत, खिडकीची फट हवी. पत्र्याच्या उतरत्या छपरावरचा बर्फ ऊन पडलं की एकदम घसरतो, भिंतीला चिकटून चालू नका. नळ रात्री बारीक धारेने सोडून ठेवतो.

सासूबाईंची सून
नळाचं इथेही?

फावडेकर
हो. बाहेर उणे ७ च्या खाली जाणार असेल तर बाहेरच्या भिंतीलगतच्या नळाला बारीक धार आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी. बागेची नळी आधीच काढून ठेवा. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायर, नळाकडून सुरुवात करून मागे मागे. ज्वाला नको. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच शोधा, पाइप फुटल्यावर नाही.

पेंग्विन
चालायचं कसं कोणीच लिहिलं नाही. छोटी पावलं, पूर्ण तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, हात खिशाबाहेर. काळाशार ओला दिसणारा डांबरी तुकडा म्हणजे बहुधा पारदर्शक बर्फ. आतला थर सुती नको, घाम धरून ठेवतो. बोटांचे हातमोजे दिसायला छान, ऊब हवी तर चार बोटं एकत्र असलेले. विंडचिल (वाऱ्यामुळे जाणवणारं तापमान) उणे २८ ते ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. बधिर झालेलं बोट चोळायचं नाही, कोमट पाण्यात धरायचं. बुटांवरचे मिठाचे पांढरे डाग व्हिनेगर-पाणी निम्मंनिम्मं.

हळदकुंकू
संक्रांत नेमकी याच दिवसांत, दाराशी वीस जोड बूट आणि त्यांचं तळं. कडेवाला मोठा ट्रे ठेवा, आत खडे पसरा, म्हणजे बूट पाण्यात उभे राहत नाहीत. वाण म्हणून लिप बाम आणि हात शेकायच्या पुड्या फार चालतात. कोरड्या थंडीत हलव्याला काटा मात्र झकास येतो.

खुर्ची राखीव
शिकागोत प्लाऊंना नावं द्यायची स्पर्धा असते माहितीये ना? एकाचं नाव ‘सॉल्टर पेटन’ आहे, अमेरिकन फुटबॉलपटू वॉल्टर पेटनवरून. आपण एक पाठवू. हिमंतराव.

कढीगोळे
खरवडकर

पुणे ३०
फावडोबा

लेकव्ह्यूची खिडकी
हिमंतरावला माझं मत. पण प्लाऊला हसू नका, १९७९ च्या बर्फानंतर इथले महापौर बिलँडिक निवडणूक हरले होते, जेन बर्न यांच्याकडून. रस्ते साफ झाले नाहीत म्हणून.

पुणे ३०
खड्ड्यांवर हा नियम लावता येईल का?

नेपरव्हिल मामा
आत्ता हिमंतराव आमच्या गल्लीतून गेले. तोंडाशी बांध घालून.

फावडेकर
मामा, डावीकडचा खिसा?

नेपरव्हिल मामा
उजवीकडे उकरला. घराकडे तोंड करून उभा होतो.