रोम आणि फ्लोरेन्सच्या मधे डोंगरावरची जुनी गावं: ट्रेनने जावं की गाडीने?

खिडकीतली_सीट

मंडळी, मे महिन्यात आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय. रोम आणि फ्लोरेन्सची हॉटेलं बुक झालीत, मधल्या दोन रात्री मुद्दाम मोकळ्या ठेवल्यात कारण बाबांना ती डोंगरावरची तटबंदीतली गावं बघायचीच आहेत, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलाय त्यांनी आणि या ट्रिपमधे त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट आहे. यादीत ऑर्व्हिएतो, चिविता, असिसी, सिएना, सान जिमिन्यानो आहेत. सगळं होणार नाही हे कळतंय, पण काय ठेवू आणि काय काढू? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती आरामात चालते पण चढ आणि पायऱ्या जमत नाहीत. नवरा म्हणतोय गाडी भाड्याने घेऊ म्हणजे दारात उतरता येईल, मला ट्रेन बरी वाटतेय. आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

डोंगरउतार

ताई, ट्रेन. आणि दोन्ही रात्री ऑर्व्हिएतोला.

कारण सांगतो. ही सगळी गावं टेकडीवर आहेत आणि स्टेशन खाली, त्यामुळे गाव किती सुंदर आहे याच्याआधी स्टेशनपासून वर कसं जायचं हे बघायचं, आईंसाठी तर तेच महत्त्वाचं. ऑर्व्हिएतोला स्टेशनच्या बाहेर पडलं की समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढून चढावर नेणारी छोटी रेल्वे आहे, १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. काही मिनिटांत वर, तिथून छोटी बस कॅथेड्रलच्या चौकापर्यंत नेते. वर पोचल्यावर गाव बऱ्यापैकी सपाट आहे. रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून रीजनल ट्रेनने साधारण सव्वा ते दीड तास, रिझर्वेशन लागत नाही, भाडं ठरलेलं असतं त्यामुळे आत्ता घाईने बुक करायचीही गरज नाही. आणि हे गाव रोम-फ्लोरेन्स लाईनवरच आहे, म्हणजे वाट वाकडी होत नाही, फक्त सुपरफास्ट गाड्या बहुतेक इथे थांबत नाहीत, रीजनल किंवा इंटरसिटी बघा.

बाबांसाठी तिथली विहीर. १५२७ मधे रोमची लूट झाली तेव्हा पोप क्लेमेंट सातवा पळून ऑर्व्हिएतोला आला. ज्वालामुखीच्या दगडाचा कडा, चारी बाजूंनी तुटलेला, शत्रू वर येणं अवघड. पण वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? आपल्याकडे प्रत्येक गडावर टाकी का खोदली हे ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. तर पोपने सांगालो नावाच्या वास्तुकाराकडून पन्नास मीटरहून जास्त खोल विहीर खोदून घेतली, आणि तिला दोन वेगळे गोल जिने आहेत, एकमेकांभोवती फिरणारे पण कुठेही न मिळणारे. रिकामी खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी छोट्या पुलावरून पलीकडे जायची आणि पाणी घेऊन दुसऱ्याने वर, समोरासमोर येण्याचा प्रश्नच नाही. मधल्या पोकळीकडे खिडक्या आहेत, खाली उतरताना त्यातून उजेड येतो आणि पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात. २४८ पायऱ्या आहेत, त्यामुळे बाबा जातील आणि आई वर बागेत बसतील, विहीर फ्युनिक्युलरच्या वरच्या स्टेशनला लागूनच आहे.

कॅथेड्रल मात्र दोघांनी मिळून बघा, बांधकाम १२९० ला सुरू झालं. दुपार उतरल्यावर जा, दर्शनी भागावरच्या सोनेरी मोझाइकवर तेव्हा ऊन येतं. आत उजवीकडच्या चॅपलमधे सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत, जगाच्या अंताची, तिथे वेळ द्या.

घाटातला_गिअर

गाडीची बाजू मी मांडतो. व्हाल दोर्चाचं खोरं बघायचं असेल, म्हणजे पिएन्झा, मोंतेपुल्चानो, ते सायप्रसच्या रांगांचे रस्ते, तर गाडीला पर्याय नाही, बसवर अवलंबून राहिलात तर दिवस फलाटावर जातो. सान जिमिन्यानोलाही स्टेशन नाही, पोजिबोन्सीला उतरून बस पकडावी लागते. एकेकाळी ७२ मनोरे होते म्हणतात, आता १४ उरलेत, लांबून बघायला फार छान वाटतं.

पण दारात उतरता येईल हा नवऱ्याचा मुद्दा काही खरा नाही हो. जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, झेडटीएल लिहिलेली पाटी आणि वर कॅमेरा. लाल कडेचा पांढरा गोल दिसला की आत शिरायचं नाही, पुढचा जीपीएस सांगत असला तरी नाही. दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो आणि गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल वेगळे पैसे कार्डावरून कापते. आमच्या ओळखीच्यांना भारतात परतून सगळे फोटो बघून झाल्यावर तो कागद आला. हॉटेल आतल्या भागात असेल तर त्यांना नंबर कळवून परवानगी मिळते, पण ते आधी विचारून घ्या. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

गाडी घेणारच असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं. ऑटोमॅटिक गाडी आधीच मागा, नाहीतर मॅन्युअल देतात. आणि रोममधून गाडी घेऊ नका, ऑर्व्हिएतोपर्यंत ट्रेनने जा आणि तिथून एक दिवसासाठी घ्या. ऑर्व्हिएतोला खाली काम्पो देल्ला फिएरा पार्किंग आहे, तिथून सरकते जिने आणि लिफ्ट वर गावात नेतात.

शेवंती_

असिसी यादीतून काढू नका एवढंच म्हणेन. बाबा इतिहासाचे आहेत आणि मनाने थोडे भाविक असतील तर ती जागा त्यांच्या आत कुठेतरी जाऊन बसेल. संत फ्रान्सिसची बॅसिलिका १२२८ मधे सुरू झाली, एकावर एक दोन चर्च आहेत, वरच्यात त्यांच्या आयुष्याची चित्रं भिंतभर. १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चच्या छताचे काही भाग कोसळले, चार माणसं गेली, मग चित्रांचे हजारो तुकडे गोळा करून जुळवले. तेच छत आज डोक्यावर असतं.

स्टेशन खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला आहे, तिथून बस वर जाते. गावात चढ आहेत, पण बस वरच्या चौकापर्यंत जाते, म्हणजे वर उतरून चालत खाली यायचं. पुढे असिसीहून फ्लोरेन्सला थेट रीजनल ट्रेन आहेत, अडीच तासांच्या आसपास. २०२६ मधे जात असाल तर गर्दी धरून चाला, संतांच्या निधनाला ८०० वर्षं होतायत.

जेवणाचं: पिची किंवा उंब्रिकेल्ली मागा, जाड हाताने वळलेला पास्ता, टोमॅटो-लसणाच्या सॉसमधे मस्त लागतो. बीन्सचं सूप घेताना मात्र मटणाचं पाणी किंवा डुकराची चरबी घातलीय का ते विचाराच, नुसतं 'मांस नको' म्हटलं तर ते घातलेलं चालेल असं समजतात.

खिडकीतली_सीट

गाडीचा विषय घरी मिटला, झेडटीएल वाचून नवराच नको म्हणाला :) आता ऑर्व्हिएतो दोन रात्री की ऑर्व्हिएतो एक आणि असिसी एक? आणि चिविता आईला जमेल का?

डोंगरउतार

शेवंतीताईंचं असिसीबद्दल पटतं, पण ऑर्व्हिएतोहून असिसीला ट्रेन बदलत जावं लागतं, बॅगा उचलायच्या, पुन्हा चेकइन. आईबाबांबरोबर असताना एकाच गावात दोन रात्री झोपा. दिवसभराचे टुरिस्ट संध्याकाळी गेले की गाव परत तिथल्या लोकांचं होतं, म्हातारी माणसं चौकात गप्पा मारायला येतात, बाबांना जे बघायचंय ते तेव्हा दिसेल. असिसी हवंच असेल तर दोन्ही रात्री तिथे आणि ऑर्व्हिएतो सोडा. दोन्ही अर्धं अर्धं करू नका.

चिविता आईंना नाही जमणार. तीनशे मीटरचा पूल आहे, गाड्या नाहीत, शेवटचा भाग चांगलाच उभा. खालची माती ढासळत चाललीय, १६९५ च्या भूकंपानंतर लोक उतरायला लागले, आज कायम राहणारे मोजकेच. पण पुलाअलीकडे बान्योरेज्जो गावाच्या टोकाला बेल्व्हेदेरे, म्हणजे देखावा बघायची जागा आहे, तिथून अख्खं गाव समोर दिसतं. ऑर्व्हिएतोहून बस आहे, रविवारी नसते. तिघं पूल ओलांडून या, आईंजवळ आळीपाळीने एक जण थांबा. आणि कागदी तिकीट काढलं तर ट्रेनमधे चढायच्या आधी फलाटावरच्या मशीनमधे ठप्पा मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.