'ताण', 'तणाव', 'घोर' : निवडणुकीच्या दिवसांत आपल्याला नेमके काय होते?

फोंड्याहून :
एका आरोग्यविषयक व्याख्यानाच्या पत्रकाचा मराठी मजकूर तपासायला माझ्याकडे आला आहे. मथळा असा : 'राजकीय अनिश्चिततेच्या काळातील तणाव व्यवस्थापन'. मी तो आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हें पोलिसांक दिवपाचें?"

मला हसू आले, पण तिचे काही चुकले नव्हते. तणाव म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे वर्तमानपत्रातली 'तणावपूर्ण शांतता' येते, चौकात उभी असलेली पोलीस गाडी येते. पत्रक मात्र आहे रात्री दोन वाजता मोबाइलवर बातम्या चाळणाऱ्या आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेहुण्याशी भांडून बसलेल्या माणसासाठी. या अवस्थेला मराठीत काय म्हणायचे? 'स्ट्रेस' नको, तो छापणाऱ्यांनाही सुचला होता.

म्हापशाहून :
क्रियापदे बघा, म्हणजे फरक लगेच कळेल. ताण 'येतो', 'पडतो', 'जाणवतो'. तणाव 'निर्माण होतो', 'वाढतो' आणि मग 'निवळतो'. ताण एकट्याचा, तणाव गावाचा. 'मला तणाव आलाय' हे आता सर्रास ऐकू येते, पण माझ्या कानाला ते अजून हिंदी वाटते. आईंना शंभर टक्के गुण.

तंबूच्या दोरीला आपण तणावा म्हणतो, फारसीत तिला तनाब म्हणतात. दोन्ही बाजूंनी दोऱ्या खेचतात म्हणून तंबू उभा राहतो, असे एखादा वक्ता आता नक्की सांगेल. मी सांगत नाही. मला त्याहून 'ताणून देणे' आवडते. जो ताणाने जागा आहे त्याला औषध काय, तर ताणून दे! एकाच धातूत रोगही आणि उताराही.

पर्वरीहून :
मुळात 'स्ट्रेस' हा शब्दही उसना आहे. हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून शरीराचा एक ठरावीक प्रतिसाद मांडला. कारण काहीही असो, थंडी, जखम, विष, शरीर एकाच साच्यात उत्तर देते. त्या प्रतिसादाला पुढे त्याने यंत्रशास्त्रातला शब्द लावला. त्या शास्त्रात मराठीने स्ट्रेसला 'प्रतिबल' म्हटले आहे आणि 'ताण' ठेवला आहे टेन्शनला. म्हणजे वैद्यकात आपण मूळ शब्दाला सोडून शेजाऱ्याला घरात घेतले. पण 'मला प्रतिबल आले आहे' असे म्हणणारा माणूस कुणाला भेटला असेल तर कळवा.

डिचोलीहून :
मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. 16 जानेवारी 1967, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. वडील फुलाचे, काका पानांचे. राजांगण एकच, विहीर एकच. मतदानाच्या आधीचा महिनाभर दोघे समोरासमोर सोप्यावर बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे ते आमच्यामार्फत : "तुझ्या काकाक सांग, तंबाखू हाड."

घरात कसलेसे कार्य होते, केळीच्या पानांवर पंगत बसली. आजीने पहिला भात वाढायच्या आधी बजावले, "पाटार बसल्यार फूल नाका आनी पान नाका." काकांनी समोरच्या केळीच्या पानाकडे पाहिले आणि विचारले, "मागीर जेवप खंय?" (मग जेवायचे कुठे?) वडील पहिल्यांदा हसले. नंतर पुन्हा अबोला झालाच, पण पंगतीपुरता तो मोडला.

त्या महिन्यात 'ताण' हा शब्द आमच्या घरात मी एकदाही ऐकला नाही. आजी म्हणायची 'हुस्को', म्हणजे काळजी. शाळेतले मराठीचे मास्तर म्हणायचे 'जिवाला घोर लागला आहे'. निकाल लागेपर्यंत सगळ्यांचा 'जीव टांगणीला' होता. पानांना 1,72,191 मते पडली, फुलाला 1,38,170. वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. पण घोर मात्र गेला, हे मला स्पष्ट आठवते. दुःख वेगळे आणि घोर वेगळा. 'तणाव' आमच्याकडे आला तो वीस वर्षांनी, कोकणी की मराठी या राजभाषेच्या वादात, आणि तो वर्तमानपत्रातून आला.

केप्याहून :
डिचोलीच्या आजोबांनी 'कौल' म्हटले आणि माझे काम सोपे केले. अरबीत कौल म्हणजे बोल, वचन. आपल्याकडे तो देवळात जाऊन बसला. ओल्या पाकळ्या मूर्तीला लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि सगळे थांबतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी लहानपणी हे पाहिले आहे. जमिनीचा काही प्रश्न होता. पाकळी अर्धी सुटून लोंबत राहिली. भटजींनी पुन्हा गाऱ्हाणे घातले. मागे उभ्या असलेल्या माझ्या मावशीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटे पांढरी पडली. 'टांगणी' हा शब्द मी तिथे शिकले, शब्दकोशात नाही.

म्हणून माझे मत असे : भांडणाने येतो तो ताण, न लागलेल्या निकालाने येते ती टांगणी. निवडणुकीच्या दिवसांत दोन्ही एकदम असतात आणि आपण त्यांना एकाच नावाने हाका मारतो.

वास्कोहून :
गोव्यात बसून इतकी डोकेफोड कशाला? 'सुशेगाद' हा शब्द आहे की!

फोंड्याहून :
तो नको. पोर्तुगिजात त्याचा अर्थ शांत, निवांत. पर्यटकांच्या टी-शर्टवर जाऊन तो आळशी झाला. शिवाय ज्याचा जीव टांगणीला आहे त्याला 'सुशेगाद राव' म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ.

आता दुसरी अडचण. पत्रकात आत 'तणावाचा सामना कसा करावा' असे आहे. माझ्या मुलाने लगेच विचारले, "कुणाविरुद्ध?" 'हाताळणे'सुद्धा फाइलसारखे वाटते.

म्हापशाहून :
'तग धरणे' घ्या. सोसणे फार रडके, झेलणे फार शूर. आणि 'मनावर घेऊ नका' असा सल्ला आत असेल तर जपून. 'त्याने मनावर घेतले तर करील' यातले मनावर घेणे म्हणजे निश्चय, 'त्याचे बोलणे मनावर घेऊ नको' यातले म्हणजे जखम. मतदानाच्या तोंडावर लोकांना मनावर घेऊ नका म्हणाल, तर कुणी मतदानालाच जायचे नाहीत!

केप्याहून :
बातम्या ठरावीक वेळीच बघा, असा सल्ला असेलच. तिथे 'डिजिटल उपवास' वगैरे लिहू नका. सोमवारी आपले शिवराक, म्हणजे मासळी-मांस वर्ज्य, असते ना? 'एक दिवस बातम्यांचे शिवराक' लिहा. गोव्यात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. ज्याची झोप पंधरा-पंधरा दिवस उडाली आहे, त्याच्यासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापा. तिथे शब्दचर्चा नको.

फोंड्याहून :
मथळा बदलला : 'निकाल लागेपर्यंत जिवाला घोर? तग कसा धरावा'. 'राजकीय' काढून टाकला. व्याख्यानाच्या तारखेवरून कळतेच. आईला पुन्हा वाचून दाखवला. या वेळी तिने सूप बाजूला ठेवले, पत्रक हातात घेतले, चष्मा शोधला आणि आत काय लिहिले आहे ते विचारले, "आतां समजलें. पूण भितर कितें बरयलां?"