प्रतिसाद: डिस्क फिरत नाही म्हणजे मेलेलीच असं नाही

'सर्व्हरमधून निघालेली हार्ड डिस्क स्वस्तात घेतली, जोडली तर फिरेचना, म्हणजे दुकानदाराने मेलेला माल गळ्यात मारला' हे वर लिहिलंय, ते दरवेळी खरं नसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली 12 टीबीची साटा (घरच्या कॉम्प्युटरलाही लागते त्या कनेक्टरची) एंटरप्राइझ, म्हणजे सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क मीही तावातावाने परत करायला निघालो होतो. अशा बऱ्याच डिस्कना पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट मिळाले की त्या बंदच राहतात. सर्व्हरला दुरून डिस्क बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय. घरच्या कॉम्प्युटरच्या अनेक पॉवर सप्लायमधून मात्र तिथे 3.3 व्होल्ट कायम येत असतात.

त्या पिनवर कॅप्टॉन टेपची (वीज अडवणारी, उष्णता सोसणारी चिकटपट्टी) बारीक पट्टी लावली, डिस्क सुरू! मोलेक्स-साटा अडॅप्टरनेही (पॉवर सप्लायच्या जुन्या चार पिनच्या मोलेक्स कनेक्टरमधून साटा डिस्कला वीज देणारी जोडवायर) काम होतं, मोलेक्समध्ये 3.3 ची वायरच नसते. फक्त मोल्डेड अडॅप्टर (ज्याच्या कनेक्टरमध्ये वायरी ओतीव प्लास्टिकमध्ये बंद असतात) घेऊ नका, ते जळू शकतात.