होल्टर रिपोर्ट : १,२६० व्हीई म्हणजे नक्की किती?

निळी_छत्री :
आईचं वय ५१. महिनाभर छातीत मधूनच धस्स होतं, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. जिना चढताना धडधड होते ती वेगळी. बीपी, शुगर नाही. २४ तासांचं होल्टर (छातीला वायरी लावून दिवसभराचे ठोके नोंदणारं यंत्र) केलं. एकूण ठोके १,०५,२१०. मिनिटाला सरासरी ७४, कमीत कमी ४६ (पहाटे ३.४०), जास्तीत जास्त १३९ (संध्याकाळी ६.५०). व्हीई १,२६०, कपलेट ३, एसव्हीई २१२. सर्वात मोठा पॉज (दोन ठोक्यांमधला खंड) २.१ सेकंद, पहाटे ४.०५. व्हीटी नाही, एएफ नाही. डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे. १,२६० हा आकडा बघून घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. तोवर हा रिपोर्ट वाचायचा कसा?

लीड_दोन :
आकडा सुटा वाचू नका, एकूण ठोक्यांशी ताडून बघा. १,२६० भागिले १,०५,२१० म्हणजे १.२ टक्के. व्हीई म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून वेळेआधी पडलेला ठोका; लागोपाठ दोन आले की कपलेट, वरच्या भागातून आला तर एसव्हीई. व्हीटी म्हणजे खालच्या कप्प्यातून सलग वेगाने पडणारे ठोके, एएफ म्हणजे वरच्या कप्प्यांचा अनियमित ताल. निरोगी माणसांतही ते सापडतात. साधारण १० टक्क्यांच्या पुढे, म्हणजे तुमच्या हिशेबात रोजचे साडेदहा हजार, असं बरेच दिवस चाललं तर हृदयाचे स्नायू थकण्याची भीती असते. मात्र हे प्रमाण रोज बदलतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याची शपथ घेऊ नये. इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला नसेल तर करून घ्या. हृदयाची रचना नीट असेल, तर इतक्या व्हीईंना बहुधा औषधही लागत नाही.

झोपेत ४६ आणि २.१ सेकंदांचा पॉज यात वावगं काही नाही. जागेपणी ३ सेकंदांहून मोठा पॉज, त्यातही चक्कर आली तर, गोष्ट वेगळी.

आणि ठोका चुकत नाही, लवकर पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवत नाही. मग मोठी विश्रांती, त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून पडतो. धस्स होतं ते या दणक्याने. डाव्या कुशीवर झोपल्यावर जास्त जाणवतं, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकतं.

इलेक्ट्रोड_वाला :
सगळे पहिलं पान वाचतात. खरा ऐवज मागच्या ईसीजीच्या पट्ट्यांत असतो. आईंनी त्रास झाला त्या वेळांची डायरी लिहिली होती का? किंवा तेव्हा यंत्राचं बटण दाबलं होतं का? त्या वेळांच्या पट्ट्या काढून मागा. धस्स झालं त्याच मिनिटाला व्हीई दिसला तर उत्तर मिळालं. त्या मिनिटाला ठोके अगदी सरळ असतील, तर तेही उत्तरच. डायरीच कोरी असेल, तर निम्मी तपासणी वाया गेली म्हणायची. घरचं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ यांत पाच मिनिटांचा फरक असला तरी जुळणी फसते, तेवढं तपासा.

होल्टर पुन्हा लावायची वेळ आली तर: त्वचा कोरडी हवी, त्या दिवशी तेल-पावडर नको, वायरला छोटा वळसा देऊन वर चिकटपट्टी. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी सुटते आणि त्या खरखरीला सॉफ्टवेअर कधी कधी व्हीटी म्हणून मोजतं. म्हणून ईसीजीची पट्टी माणसाने डोळ्यांनी पाहिलेली असावी. त्रास रोज होत असेल तर २४ ते ४८ तास पुरतात, आठवड्यातून एकदा होत असेल तर ७ ते १४ दिवसांचा पॅच (छातीवर चिकटवायचं छोटं होल्टर) मागा.

निळी_छत्री :
आभार! डायरी आहे. पाच नोंदी: चार 'धस्स', एक 'धडधड, तीन मजले चढून आले', वेळ ६.५०. हिमोग्लोबिन ९.४. थायरॉइड केलेलं नाही. भावाचं मनगटी घड्याळ लावून बघू का?

लीड_दोन :
६.५० म्हणजे तो १३९ चाच क्षण. रिपोर्टात सायनस टॅकिकार्डिया लिहिलं असेल, म्हणजे ताल नेहमीचाच, वेग तेवढा वाढलेला. ९.४ इतक्या कमी हिमोग्लोबिनवर तीन मजले चढले की हृदयाला धावावंच लागतं. तेव्हा त्रास दोन आहेत, औषधही एक नसणार. टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाच्या साठ्यासाठी), पोटॅशियम या रक्ततपासण्या करून घ्या. पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही दाखवा. लोहाची गोळी चालू झाली तर चहासोबत घेऊ देऊ नका.

घड्याळ नाडी मोजतं. लवकर पडलेल्या ठोक्याची नाडी मनगटापर्यंत पोचतच नाही, मग असे ठोके एकाआड एक पडले, तर हृदय ७६ ने चालू असताना ते ३८ दाखवतं आणि घरात गोंधळ. ईसीजीवालं घड्याळ असेल तर धस्स होताना ३० सेकंदांची पट्टी काढा. हार्ट अटॅक मात्र त्यात कळत नाही.

इलेक्ट्रोड_वाला :
आणि धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सोमवारची वाट बघू नका, १०८ ला फोन. घराण्यात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा, रिपोर्ट नंतर दाखवा.